वाटी झिजते तेव्हा

आधी फक्त कान उघडा. डोळे थोड्या वेळानं.

तुम्ही इंग्लंडमधल्या एका घरात जेवायला बसला आहात. १९५० नंतरची पहिली काही वर्षं. शेगडीत कोळसा धुमसतोय, त्याचा गंधकी वास पडद्यांत, सतरंजीत, तुमच्या कोटाच्या बाह्यांत मुरलाय. उकडलेल्या कोबीची वाफ खोलीभर पसरलीय. समोर बसलेला यजमान मीठ घ्यायला जरा पुढे वाकतो आणि आवाज येतो. कुंई. तुम्ही दाराकडे बघता. दार तर बंद आहे. तो मागे सरकतो, पुन्हा कुंई. आवाज दाराचा नाही, खुर्चीचाही नाही. तो त्या माणसाच्या कमरेखालून, मांसाच्या आतून येतोय. त्याची बायको हातातला काटा बशीत ठेवते, काही न बोलता उठते आणि स्वयंपाकघरात निघून जाते. रोजचंच आहे हे.

त्याच्या मांडीच्या हाडाचं डोकं, म्हणजे खुब्यातला गोळा, काढून तिथे अॅक्रिलिकचा गोळा बसवलाय. पॅरिसमधल्या ज्यूदे बंधूंनी काढलेली ही तऱ्हा तेव्हा बरीच गाजत होती. दुखणं थांबलंय, हे खरं. पण गोळा प्लास्टिकचा, त्याच्याभोवतीची उखळी मूळच्या हाडाची, आणि दोघांमध्ये ओलावा टिकत नाही. कोरड्यावर कोरडं घासलं जातं. हा माणूस आपली करकर घेऊन मँचेस्टरकडच्या जॉन चार्नली नावाच्या अस्थिशल्यचिकित्सकाकडे गेला आणि तो आवाज त्या डॉक्टरच्या डोक्यात घर करून बसला. इतर सर्जन विचारायचे, गोळा हाडात घट्ट कसा बसेल? चार्नलीनं विचारलं, दोन पृष्ठभाग एकमेकांवर सरकतात तेव्हा नेमकं काय होतं? शल्यचिकित्सकाला पडायचा हा प्रश्नच नव्हे. तो गिरणीतल्या फिटरला पडतो. मला या सगळ्या हकिकतीत सर्वांत मोलाचं काय वाटत असेल, तर हे दुसऱ्याच्या खात्यातलं कोडं स्वतःच्या टेबलावर ओढून घेणं.

चला, उठा. बस पकडायची आहे.

विगनच्या थांब्यावर पाऊस आहे. धड पडतही नाही, धड थांबतही नाही असा. कोळशाच्या खाणींचं हे गाव. पावसाचा थेंबसुद्धा हातावर काळसर डाग ठेवून जातो. कोपऱ्यावरच्या दुकानातून तळलेल्या माशांचा वास येतो, त्यावर व्हिनेगरचा झणका, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेले गरम बटाटे हातात घेऊन लोक उभ्या उभ्या खाताहेत. तुम्हीही घ्या एक पुडी. बोटं भाजतील, पण हवेत इतका गारठा आहे की भाजलेलं बरंच वाटेल. बसमध्ये ओल्या लोकरीचा आणि सिगारेटच्या धुराचा दाट थर आहे. तुमच्या पुढच्या बाकावर एक बाई कडेला सरकून, एक पाय सरळ लांबवून बसलीय. प्रत्येक खड्ड्याला तिचे ओठ आवळतात. तीही तुमच्याच थांब्यावर उतरणार.

राइटिंग्टन. गाव असं नाहीच, हिरव्या उतारावर बैठ्या इमारतींच्या रांगा आहेत. हे रुग्णालय क्षयरोग्यांसाठी बांधलेलं. म्हणून तर वॉर्डांना लांबच लांब व्हरांडे, मोठमोठ्या खिडक्या आणि अंगावर येणारा वारा. क्षयावर औषधं निघाली, खाटा रिकाम्या होऊ लागल्या, आणि त्या रिकाम्या खाटांवर आता खुब्यांचे रोगी येताहेत.

आत शिरा. आधी फरशीच्या मेणाचा वास, मग स्पिरिटचा, मग जास्त उकळलेल्या चहाचा. खाटा इतक्या सरळ रेषेत की चाकंसुद्धा एकाच दिशेला वळवलेली. कडक खळ घातलेले एप्रन खसखसत नर्सेस जा-ये करतात. भिंतीजवळच्या खाटेवर एक आजोबा निवांत सिगारेट ओढताहेत आणि त्यांना कोणी हटकत नाही, तो काळच तसा आहे.

मघाची बसमधली बाई आता खाटेवर आहे. तिच्याजवळ बसा. साठीच्या पुढची असेल, आयुष्य कापडगिरणीत गेलंय. मागांच्या खडखडाटात एकमेकींच्या ओठांवरून बोलणं ओळखायची सवय या बायकांना असते, म्हणून ती शब्द मोठ्ठे करून, तोंड पूर्ण उघडून बोलते. गिरणगावातल्या साचेखात्यात ज्यांच्या घरातलं कोणी राबलंय त्यांना ही लकब ओळखीची वाटेल. साचे, म्हणजे मागही, इथलेच होते; लँकेशायरमध्ये घडवून बोटीतून मुंबईला उतरवलेले.

काय होतं म्हणून विचारा. ती सांगेल: पायमोजा घालता येत नाही. एवढंच. सहा वर्षं नवरा पायमोजे चढवतो. जिना बसून बसून उतरते. रात्री कूस बदलली की जांघेत सुरी फिरते, आणि दुखणं खुब्यात असून कळ गुडघ्यात येते, त्यामुळे आधीच्या डॉक्टरनं दोन वर्षं गुडघ्यालाच लेप दिले. खुब्यातलं कूर्चेचं अस्तर संपलंय, हाडावर हाड घासतंय. दुसरा उपाय काय, तर सांधा कायमचा जोडून टाकायचा. कमरेपासून पायापर्यंत प्लास्टर, कित्येक महिने पाठीवर पडून राहायचं, मग दुखणं जातं पण पाय काठीसारखा ताठ. खुर्चीवर नीट बसणं विसरायचं.

आता समोरच्या रांगेत बघा. तिथे शस्त्रक्रिया झालेले आहेत. एक गृहस्थ खाटेच्या कडेला बसून, कोणाची मदत न घेता, स्वतःचा पायमोजा घालताहेत. सगळा वॉर्ड बघतोय. बुटाची नाडीही बांधतात. मग उभे राहतात, काठीला हात लावतात न लावतात, आणि चालतात. दुखत नाही! बाईनं तुमचं मनगट किती घट्ट धरलंय ते सोडल्यावर कळेल, बोटांचे वळ उमटलेले असतील.

या चालण्यामागे तीन गोष्टी आहेत. हाडात बसवलेला धातूचा दांडा, त्याच्या टोकाला धातूचा गोळा. दांडा हलू नये म्हणून भोवती भरलेलं अॅक्रिलिक सिमेंट, दंतवैद्य कवळीसाठी वापरत त्याच जातीचं. आणि कमरेच्या हाडात बसवलेली वाटी, पांढऱ्याशुभ्र टेफ्लॉनची. चार्नलीचा हिशेब सरळ होता: नैसर्गिक सांध्यातलं वंगण आपल्याला पुन्हा निर्माण करता येत नसेल, तर वस्तूच अशी निवडू की तिला वंगण लागूच नये. जगातला सर्वांत निसरडा घन पदार्थ तेव्हा हाच.

मागच्या बाजूला कार्यशाळा आहे, तिथे जाऊ. दार ढकललं की कापणीच्या तेलाचा वास नाकात भरतो. लेथ फिरतोय. त्याच्यावर वाकलेला तरुण म्हणजे हॅरी क्रेव्हन. हा डॉक्टर नाही, कारागीर अभियंता आहे, आणि या गोष्टीत त्याचं नाव चार्नलीच्या बरोबरीनं घेतलं पाहिजे असं माझं ठाम मत आहे. लेथच्या पात्यातून टेफ्लॉनची पांढरी साल सुटतेय, लांबच लांब, गुंडाळत जाणारी. उचला ती. बोटांत धरता येत नाही, निसटते. तयार वाटी तळहातावर घ्या: थंड नाही, गरम नाही, थोडी मेणचट, वजनाला भरीव. आत धातूचा गोळा ठेवून फिरवा. हाताला काही जाणवतच नाही. इतकं अलगद फिरतं की भीती वाटावी.

गोळा केवढा लहान आहे, पाहिलात? आपल्या मूळच्या गोळ्याचा व्यास साधारण पाच सेंटिमीटर. सुरुवातीला चार्नलीनंही मोठेच गोळे घेतले होते. मग तो आकार कमी करत गेला आणि २२.२५ मिलिमीटरवर थांबला. कारण यंत्रशास्त्राचं. गोळा जितका मोठा तितका घर्षणाला वाटी पिळण्यासाठी लांब हात मिळतो, आणि ती हाडातून सैल होते. लहान गोळा वाटीला कमी पिळतो. शिवाय गोळा लहान झाला की वाटीची भिंत जाड ठेवता येते, म्हणजे झिजायला जास्त जागा. झिजेचा विचार त्याच्या डोक्यात होता, हे लक्षात ठेवा. पुढे जे झालं ते निष्काळजीपणानं झालं नाही.

आता दोन-तीन वर्षं पुढे या. तोच व्हरांडा, तोच पाऊस. फक्त पायमोजा घालणारे ते गृहस्थ पुन्हा खाटेवर आहेत. ते तुमच्याकडे बघत नाहीत.

एक्स-रेच्या अंधाऱ्या खोलीत या. उजेडाच्या पेटीवर फिल्म खटकन अडकते. डेव्हलपरचा आंबट वास अजून तिच्यावर आहे. गोळा वाटीच्या मधोमध असायला हवा. तो वर चढलाय. वाटीच्या छताला बोगदा पाडून आत शिरलाय. दुसरी फिल्म, तीच गत. तिसरी. चौथी. माणूस चालतो तेव्हा शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार त्या छोट्याशा गोळ्यावरून वाटीवर उतरतो, आणि टेफ्लॉन निसरडं होतं तरी चिवट नव्हतं. घर्षण कमी म्हणजे झीज कमी, हे समीकरण सगळ्यांना उघड वाटत होतं. ते खोटं होतं.

शस्त्रक्रियागृहात तुम्हाला न्यावं की नाही, विचार करतोय. चला, पण दाराशी उभे राहा. इथे हवा गरम आणि ओली आहे, निर्जंतुक कापडांच्या वाफेचा वास आहे, दिव्याखाली सर्वांच्या कपाळावर घाम आहे. सांध्याभोवतीचं आवरण कापलं जातं आणि आतून येतं ते रक्त नव्हे, पू नव्हे. नासलेल्या दुधाच्या चोथ्यासारखा पांढरट, घट्ट, चिकट लगदा. ही टेफ्लॉनची भुकटी आणि तिच्याशी झुंजून मेलेल्या पेशी. अखंड टेफ्लॉनचा तुकडा शरीर निमूट सहन करतं. त्याचीच भुकटी झाली की शरीर खवळतं, आणि त्या गदारोळात भोवतीचं हाड खाल्लं जातं.

सुमारे ३०० माणसांच्या शरीरात या वाट्या होत्या. एका वॉर्डात उभे राहून हा आकडा मोजून बघा. खाटा संपतात, व्हरांडा संपतो, माणसं संपत नाहीत. प्रत्येकाला तो पांढरा चोथा काढण्यासाठी पुन्हा टेबलावर घ्यावं लागणार होतं. चार्नलीनं ते काम दुसऱ्यांवर ढकललं नाही. शिवाय टेफ्लॉनचे कण त्यानं स्वतःच्या मांडीत टोचून घेतले. पुढे नव्या प्लास्टिकचेही घेतले, आणि महिनोन् महिने बोटानं चाचपून कुठली गाठ वाढते, कुठली नाही ते तपासत राहिला. आजच्या नियमात हे बसणार नाही. पण ज्या माणसांच्या खुब्यात आपण हे ठेवलं त्यांच्याइतकंच आपल्याही अंगात ते असावं, ही बुद्धी मला फार मोठी वाटते.

मे १९६२. कार्यशाळेत पुन्हा या, पण आज पाय वाजवू नका, वातावरण जड आहे. टेफ्लॉन बाद झालंय आणि दुसरं काही हाताशी नाही. क्रेव्हननं एक झीजयंत्र उभं केलंय: धातूचा गोळा, खाली तपासायच्या पदार्थाचा तुकडा, वरून भार, आणि पुढे-मागे, पुढे-मागे अखंड हालचाल. एकेक पदार्थ लावायचा, चालवायचा, किती खड्डा पडला ते मोजायचं आणि निराश व्हायचं.

दारावर टकटक. एक विक्रेता आलाय. तो रुग्णालयांना माल विकत नाही. लँकेशायरच्या कापडगिरण्यांना मागाची दातेरी चाकं विकतो, प्लास्टिकची. धातूच्या चाकांचा खणखणाट कमी व्हावा, आदळआपट सोसावी म्हणून गिरण्या ती घेतात. त्याच्याजवळ एक तुकडा आहे. जर्मनीहून येणारं अतिशय लांब साखळ्यांचं पॉलिथिलिन. बादल्या आणि डबे होतात त्याच कुळातलं, फक्त एकेका रेणूची साखळी प्रचंड लांब, एकीत एक गुंतलेली. हातात घ्या. दुधी रंग, मेणासारखा स्पर्श, टेफ्लॉनपेक्षा हलकं. निसरडेपणात मात्र टेफ्लॉनच्या पुढे काहीच नाही.

चार्नली आत येतो, तुकडा घेतो, अंगठ्याचं नख त्यात रुतवतो. नख सहज रुततं. तो तुकडा ठेवतो आणि निघून जातो. एवढं मऊ प्लास्टिक खुब्यात? वेळ फुकट जाईल, हे न बोलताही कळण्यासारखं आहे.

दार बंद होतं. आता क्रेव्हनकडे बघा. साहेबानं नाही म्हटलंय, वस्तू टेबलावर आहे. तो ती उचलतो आणि यंत्राला लावतो.

चार्नली सभेसाठी कोपनहेगनला गेलाय. तुम्ही इथेच थांबा. एक स्टूल ओढा. खटक-सर्र, खटक-सर्र. यंत्राला दिवस-रात्र कळत नाही. पहिल्या दिवशी तुम्ही दर तासाला वाकून बघाल. टेफ्लॉन असतं तर चोवीस तासांत डोळ्यांना दिसेल असा खड्डा पडला असता. इथे काही नाही. दुसरा दिवस, काही नाही. मोटरच्या तापलेल्या वार्निशचा वास येतो, तेल सुकतं, तुम्ही चहा पिता, खिडकीबाहेर मेंढ्या चरतात, पाऊस येतो, जातो. आठवडा उलटतो. आता तो आवाज तुमच्या झोपेतही चालू राहील. दुसरा आठवडा. क्रेव्हन मोजतो, पुन्हा मोजतो, मोजमाप चुकलं की काय म्हणून उपकरणच तपासतो. तीन आठवडे पूर्ण होतात. या तुकड्याची सगळी झीज मिळून टेफ्लॉनच्या एका दिवसाच्या झिजेइतकीही नाही.

चार्नली परत येतो. यंत्राशी वाकतो. त्या क्षणी कार्यशाळेत असायला मी बरंच काही दिलं असतं, म्हणून तर तुम्हाला पाठवलं. आपण नख रुतवून नाकारलेल्या वस्तूपुढे तो तिथल्या तिथे मान तुकवतो. अधिकारातल्या माणसाला इतक्या लवकर मत बदलताना फार कमी वेळा बघायला मिळतं.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पहिली पॉलिथिलिनची वाटी माणसाच्या शरीरात गेली. त्या वेळचं शस्त्रक्रियागृहही बघण्यासारखं आहे: खोलीच्या आत आणखी एक बंदिस्त खोली. वरून गाळलेली हवा सतत खाली सोडलेली, आत सर्जन आणि रोग्याचं धड, बाहेर रोग्याचं डोकं आणि भूलतज्ज्ञ. जंतूंना आत शिरायला वाव ठेवायचा नाही, कारण खुब्यात पू झाला तर वाटी कितीही चांगली असली तरी सगळं काढून फेकावं लागतं. लोक याला काचघर म्हणत. आतल्या माणसांना ते गरम आणि कोंदट वाटे, पुढे तर त्यांनी अंतराळवीरासारखे बंद पोशाख घातले आणि आपला श्वासही नळीनं बाहेर सोडला.

एकदा पोळलेल्या चार्नलीनं या वेळी घाई केली नाही. आपला सांधा त्यानं बरीच वर्षं बाजारात मोकळा सुटू दिला नाही. लीड्सची थॅकरे कंपनी तो बनवायची, आणि राइटिंग्टनला येऊन शिकून गेलेल्या सर्जनलाच तो विकायचा असा त्याचा आग्रह होता. आणखी एक मागणं त्यानं रोग्यांकडे केलं, आणि ते ऐकताना तुम्हाला जरा चरकल्यासारखं होईल: मेल्यावर आमचा सांधा आम्हाला परत द्याल का?

बायका हसून हो म्हणाल्या, बाप्ये हो म्हणाले. ज्यांना पायमोजा घालता येऊ लागला होता त्यांना हे देणं जड वाटलं नाही.

त्यामुळे पुढच्या दशकांत राइटिंग्टनच्या प्रयोगशाळेत वेगळ्याच वस्तू जमू लागल्या. तिथे क्षणभर थांबा. फॉर्मालिननं डोळे चुरचुरतील. टेबलावर वापरून झालेल्या वाट्या: कोणती दहा वर्षं चाललेली, कोणती पंधरा. नव्या वाटीच्या दुधी रंगावर पिवळट छटा आलीय. आतून बोट फिरवा. खालचा भाग अजून यंत्रावरून नुकता उतरल्यासारखा, त्यावर कापणीच्या रेघा लागतात. वरचा भाग आरशासारखा गुळगुळीत, आणि तिथे बोट किंचित खोलात उतरतं. गोळ्यानं स्वतःसाठी दुसरी उखळी कोरलीय. या वाटीचा साचा घ्यायचा, त्याची सावली पडद्यावर मोठी करून पाडायची आणि मोजायचं. साधारण वर्षाला मिलिमीटरचा दहावा हिस्सा, कुणाच्यात थोडा जास्त. शेतात राबणाऱ्या धडधाकट माणसाच्या वाटीत अधिक, खुर्चीत बसणाऱ्या म्हातारीच्या वाटीत कमी. झीज वयाप्रमाणे नव्हे, पावलांप्रमाणे होते. आणि ज्या वाट्या खोल झिजल्या होत्या, त्याच हाडातून सैलही जास्त झालेल्या.

वर्षाला मिलिमीटरचा दहावा हिस्सा म्हणजे काय मोठंसं? वाटी आरपार झिजायला तर कितीतरी दशकं लागतील. पण गेलेलं प्लास्टिक जातं कुठे? त्याचे कण होतात, बहुतेक मायक्रॉनपेक्षाही बारीक, आणि ते सांध्याच्या पाण्यातून भोवती पसरतात. शरीरातल्या भक्षक पेशी त्यांना जंतू समजून गिळतात. पचवता येत नाहीत. मग त्या पेशी संकटाची हाक देतात, ती ऐकून हाड विरघळवणाऱ्या पेशी कामाला लागतात, आणि दांड्याभोवती, वाटीच्या मागे, हाडात पोकळ्या पडतात. पुष्कळ वर्षं सर्जन याचा दोष सिमेंटला देत होते. आजाराला नावही सिमेंटचंच पडलं होतं. मग सिमेंटशिवाय बसवलेल्या सांध्यांतही तशाच पोकळ्या दिसल्या, आणि संशयाचं बोट वळलं पॉलिथिलिनकडे. टेफ्लॉननं दोन-तीन वर्षांत केलेलं काम हे प्लास्टिक पंधरा-वीस वर्षांत सावकाश करत होतं.

अटलांटिक ओलांडू. १९९०चं दशक, बोस्टन, मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलची प्रयोगशाळा. पाऊस नाही, कोळसा नाही; वातानुकूलन आणि पंपांची गुणगुण. नाकाला मात्र धक्का बसेल. एका यंत्रावर कृत्रिम खुबे ओळीनं बसवलेत, प्रत्येक खुबा कोमट, पिवळसर द्रवात बुडलेला. हे गुरांच्या रक्तातलं सीरम. पाण्यात चालवलं तर झीज शरीरातल्यासारखी होत नाही, म्हणून हे लागतं, आणि जुनं झालं की त्याचा वास घशात बसतो. यंत्र सेकंदाला एक-दोन पावलं टाकतं. माणूस वर्षाला साधारण दहा लाख पावलं चालतो असं धरतात, म्हणजे सेकंदाला एक पाऊल धरलं तरी वर्षभराची चाल बारा दिवसांत. उभे राहा तिथे. पायाखालची फरशी हलकेच थरथरतेय.

इथली एक गोष्ट क्रेव्हनच्या यंत्राला जाऊन सांगावीशी वाटते. केवळ पुढे-मागे घासलं तर पॉलिथिलिन जवळजवळ झिजतच नाही. साखळ्या घासण्याच्या दिशेनं ओळीत उभ्या राहतात आणि त्या दिशेत मजबूत होतात. पण माणसाचा खुबा पुढे-मागे जाताना वळतो, तिरका होतो. गोळ्यावरचा प्रत्येक बिंदू वाटीत फासा काढत जातो. ओळीत उभ्या राहिलेल्या साखळ्यांना आडवा मार बसतो आणि त्या उसवतात. यंत्राला ही आडवी चाल शिकवल्यावरच शरीरातली झीज प्रयोगशाळेत दिसली.

मग साखळ्या एकमेकींना बांधून टाकायच्या. त्यासाठी विकिरण. गॅमा किरण किंवा इलेक्ट्रॉनचा मारा केला की साखळ्यांमध्ये टाके पडतात. हे नवं नव्हतं. ओसाकात १९७१ पासूनच प्रचंड मात्रेत विकिरण दिलेल्या वाट्या माणसांत बसवल्या गेल्या होत्या, जगानं फारसं लक्ष दिलं नाही. उलट निर्जंतुक करण्यासाठी सगळेच किरण देत होते, पण हवेत. त्यानं साखळ्यांची काही टोकं मोकळी सुटत, आणि वाटी दुकानाच्या फळीवर वाट बघत असताना प्राणवायू ती टोकं खात बसे. कपाटातून काढलेली जुनी वाटी उभी चिरली तर पृष्ठभागाखाली एक पांढरा पट्टा दिसतो, तिथे प्लास्टिक खडूसारखं ठिसूळ झालेलं असतं. बोस्टनमध्ये विकिरणानंतर प्लास्टिक वितळेपर्यंत तापवलं. मोकळी टोकं आपापसांत जुळली, प्राणवायूला खायला काही उरलं नाही.

तंत्रज्ञ वाटी काढतो, धुतो, सुकवतो आणि अतिसूक्ष्म तराजूवर ठेवतो. श्वास रोखा, तुमच्या श्वासानंही आकडा हलतो. कोट्यवधी पावलं चालूनसुद्धा वजन घटलेलं नाही, उलट वाढलंय! कारण वाटीनं थोडं सीरम शोषलंय, आणि ते शोषण झिजेपेक्षा जास्त भरलं. शेजारच्या भांड्यात न चालवता नुसती भिजत ठेवलेली दुसरी वाटी असते ती याचसाठी, वजाबाकी करायला. नव्वदचं दशक संपता संपता हे प्लास्टिक माणसांत गेलं, आणि आज ज्यांचा खुबा बदलतो त्यांच्या धातूच्या कपात, म्हणजे बाहेरच्या कवचात, बहुतेक वेळा याच प्लास्टिकची आतली वाटी, म्हणजे लायनर, खटकन बसवलेली असते.

आता परत या. पुण्यातल्या किंवा नाशिकमधल्या एखाद्या अस्थिरोग विभागाची बाहेरची बाकं. पंखा घरघरतोय, फिनाइलचा वास, मांडीवर फाइली घेऊन बसलेली माणसं, आणि शेजारी तुमची आत्या. तिचा खुबा बदलला तो नव्या प्लास्टिकच्या आधी. तिला काही दुखत नाही, म्हणून इतकी वर्षं ती आलीच नाही. आज तुम्ही ओढून आणलंय. चांगलं केलंत. हाड आतून पोखरलं जाताना बहुतेकदा दुखत नाही. दुखायला लागतं ते कप सैल झाल्यावर, म्हणजे फार उशिरा.

आत डॉक्टर नवी फिल्म स्क्रीनवर मोठी करतात आणि गोळ्याभोवती वर्तुळ काढतात, कपाभोवती दुसरं. दोन्हींचे मध्यबिंदू जुळत नाहीत. गोळा वर सरकलाय.

“कप घट्ट दिसतोय,” ते म्हणतात. “मागे एक पोकळी आहे, पण लहान. कप हलला नसेल तर नुसतं आतलं लायनर बदलून भागेल, पोकळीत हाडाचा चुरा भरू. पण वेग कळायला हवा. ऑपरेशननंतरचा पहिला एक्स-रे आहे का, मावशी?”

“आहे ना,” आत्या म्हणते. “पिवळ्या पाकिटात. कपाटावर, पितळेच्या घंगाळामागे.”

“आणि पेटीत स्टिकर चिकटवलेला कागद मिळाला असेल, कंपनीचं नाव आणि साइज लिहिलेला. तोही लागेल. लायनर त्याच कपात बसणारं मागवायला हवं.”

आत्या तुमच्याकडे बघते. किल्ली तिच्या पर्समध्ये आहे, घंगाळ जड आहे, आणि ओपीडी एकला बंद होते. रिक्षा करा.